मदत हवी आहे: एफसी-१५०चा कार्बोरेटर खोलून बसवला, आता चोक ओढल्याशिवाय आयडलिंगच धरत नाही

गूळगाडी:

नमस्कार मंडळी,

गाडी महिंद्रा एफसी-१५०, पेट्रोल. तीच चपट्या तोंडाची, जिच्यात इंजिन दोन सीटांच्या मध्ये टोपणाखाली असतं. इंजिन हरिकेन, चार सिलिंडर, २१९९ सीसी. वडिलांनी १९८१ साली सेकंडहँड घेतली, गारगोटीहून कोल्हापूरला गूळ न्यायला. आता वर्षातून दोन-चारदाच निघते. तीन मिस्त्रींना दाखवली, तिघांचं एकच म्हणणं: डिझेल इंजिन टाका. ते करायचं नाहीये, तेव्हा तेवढा सल्ला सोडून बोला.

कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) कार्टर वायएफ, एक नळीचा. गाडी नऊ महिने उभी होती. उघडला तेव्हा बाउलच्या (पेट्रोल साठतं त्या वाटीच्या) तळाला पांढरी पूड आणि खाली पाण्याचे थेंब. पिकपला पेट्रोल फेकणाऱ्या पंपाचा डायफ्रॅम (पडदा) कडक होऊन कडेला चिरलेला. किट मागवलं, सगळं खोललं, रॉकेलमध्ये रात्रभर ठेवलं, कॉम्प्रेसरची हवा मारली. नवीन सुई, नवीन डायफ्रॅम, नवीन गॅस्केटं. फ्लोट (बाउलमधली पातळी राखणारा तरंगता डबा) किटमधल्या कागदाप्रमाणे ५/१६ इंचावर.

आता त्रास असा. स्टार्ट लगेच होते, पण चोक (हवा अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी झडप) अर्धा ओढून ठेवला तरच आयडलिंग (पॅडल न दाबता चालणं) धरते. चोक आत ढकलला की दोन फटके खाऊन बंद. मिक्श्चरचा स्क्रू पूर्ण आत घ्या नाहीतर तीन आटे बाहेर काढा, इंजिनाला काही फरक नाही. रेसचा स्क्रू बराच आत घेतला तर कशीबशी मिनिटाला हजार फेऱ्यांवर चालते. पिकप घेताना आधी खड्ड्यात गेल्यासारखी दबते, मग उठते. प्लग पांढरट. इग्निशनच्या पॉइंटचा गॅप ०.०२० इंच, ठिणगीचं टायमिंग ५ अंश, दोन्ही तपासलंय. बाउलमध्ये पेट्रोल बरोबर येतं. इंजिन बंद असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर पंपाची धारही दिसते.

माझं काय चुकलं? मीटरिंग रॉड (मुख्य जेटमधलं पेट्रोल मोजणारी सळई) चुकीचा बसवला असेल का?

निवांत_चालक:

डिझेल टाका. (पळतो.)

सोळा_सतरा:

रॉडवर संशय नको. आयडलिंगला पेट्रोल किती यायचं ते रॉड नाही, लो स्पीड जेट (बारीक भोकाची नळी) ठरवतो. रॉड चुकला असता तर त्रास रस्त्यावर, वेग धरल्यावर कळला असता.

पांढरे प्लग, चोकवर बरं वाटणं, स्क्रूला दाद नाही, म्हणजे आयडलिंगला मिश्रण पातळ आहे. कारणं दोनच: पेट्रोल कमी येतंय किंवा हवा जास्त.

आधी पेट्रोलची बाजू. लो स्पीड जेट बाहेर काढून साफ केला होता, की जागेवर ठेवून नुसती हवा मारली? त्याचं भोक केसाएवढं असतं. ती पांढरी पूड तिथं बसली तर बाहेरून हवा मारून निघत नाही. काढा, उजेडासमोर धरून बघा. आत तार घालू नका. भोक मोठं झालं की तो जेट गेला. खराट्याची काडी तासून हलक्या हातानं चालेल, नंतर हवा.

शिवाय रेसचा स्क्रू एवढा आत असताना मिक्श्चर जुळवायला जाऊ नका. बटरफ्लाय (पॅडलनं उघडणारी थ्रॉटलची चकती) जास्त उघडी राहिली की पेट्रोल वरच्या फटीतून यायला लागतं आणि खालच्या स्क्रूच्या हातात काही उरत नाही.

गूळगाडी:

खरं सांगतो, जेट काढला नव्हता. डोकं घासलेलं होतं, मोडेल म्हणून सोडून दिला. आज स्क्रूड्रायव्हरचं पातं बरोबर मापाला घासून घेतलं आणि काढला. भोक निम्मं बुजलेलं निघालं! साफ करून बसवला. आता चोक पाव ओढला तरी चालते, पण पूर्ण आत ढकलला की अजून बंदच पडते. दबणंही तसंच आहे.

पेट्रोलवाली_ताई:

दादा, आता हवेची बाजू बघा. हरिकेन इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड (मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा मार्ग) हेडमध्येच ओतलेला असतो, वेगळा बोल्टनं बसवलेला नसतो. म्हणजे मॅनिफोल्डचं गॅस्केट लीक हा प्रकार तुमच्याकडे नाहीच. हवा शिरायच्या मोजक्याच जागा उरतात. कार्बोरेटरच्या बुडाचं गॅस्केट, थ्रॉटलच्या स्पिंडलची (बटरफ्लाय फिरवणाऱ्या दांड्याची) दोन टोकं, क्रँककेसची हवा ओढणारा व्हॉल्व्ह आणि व्हॅक्यूमवर (इंजिनाच्या हवेच्या ओढीवर) चालणारा वायपर असेल तर त्याची नळी.

तो व्हॉल्व्ह चिकटून उघडा राहिला तरी आयडलिंग असंच बिघडतं. गाडी चालू ठेवून त्याची नळी चिमटून धरा, चाल सुधारली तर व्हॉल्व्ह दोषी. स्पिंडलच्या टोकांवर तेलाच्या कुपीनं साधं तेल दोन थेंब सोडा, आवाज बदलला तर तिथून हवा शिरतेय. काही जण पेट्रोल शिंपडून बघतात. तुमच्या गाडीत इंजिन मांडीला लागून असतं, तसलं काही करू नका.

आणि धार दिसते म्हणून पंप ठीक समजू नका. इंजिन बंद असताना डायफ्रॅम लिंकेजनं हलतो. चालू असताना त्याला खाली ओढून धरायचं काम मॅनिफोल्डची व्हॅक्यूम करते. पॅडल दाबलं की व्हॅक्यूम पडते, स्प्रिंग त्याला वर ढकलते आणि पेट्रोल फेकलं जातं. हवा शिरून व्हॅक्यूमच कमी असेल तर डायफ्रॅम पुरता खाली जात नाही आणि फेक अर्धी होते. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असू शकतं.

गूळगाडी:

ताई, तेल सोडलं आणि गाडीचा सूरच बदलला! लिव्हरच्या बाजूला दोन थेंब टाकले तर चोकशिवाय दहा-बारा सेकंद चालली. स्पिंडल हातानं हलवला तर वर-खाली चक्क खडखडतोय. चाळीस वर्षं लिव्हर एकाच बाजूला ओढतोय, भोक अंडाकृती झालंय. व्हॉल्व्हही काढून धुतला, आत काळा चिकटा होता. बुश (भोकात बसवायची नवी बाही) मारून मिळेल का कुठं?

सोळा_सतरा:

कोल्हापुरात उद्यमनगर असताना हे विचारताय? लेथवाला गाठा, गनमेटलचे बुश टाकून घ्या, दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूला टाकला तर स्पिंडल तिरका बसेल. रीमर (भोक मापाला आणणारं हत्यार) दोन्ही बुशांतून एकाच ओळीत फिरला पाहिजे, हे बजावून सांगा.

बटरफ्लायचे दोन बारीक स्क्रू मागून ठोकून पसरवलेले असतात. तसेच फिरवलेत तर स्पिंडलमध्येच मोडतील. आधी मागची टोकं कानसानं घासा. परत बसवताना नवीन स्क्रू आणि पुन्हा टोकं पसरवायची. सुटला तर थेट सिलिंडरमध्ये जातो.

मग इंजिन चांगलं गरम करून जुळवा. मिक्श्चर स्क्रू हलकेच बसेपर्यंत आत, जोर लावू नका, सुईला खाच पडते. तिथून दीड आटा बाहेर. रेस सहाशेवर आणा. व्हॅक्यूम गेज मिळालं तर काटा सगळ्यात वर आणि स्थिर राहील तिथं थांबा. समुद्रसपाटीला १८ ते २० इंच धरतात, तुमच्याकडे उंचीमुळे दीड-दोन इंच कमीच दिसेल.

गूळगाडी:

बुश झाले. लेथवाल्या काकांनी गाडीचं नाव ऐकून आधी चहा पाजला, मग काम हातात घेतलं. गेज शेजाऱ्याकडून आणलं. काटा १७वर, हलत नाही. स्क्रू पावणेदोन आट्यांवर, आत घेतला की इंजिन लगेच बसतं, म्हणजे दाद देतोय! चोक पूर्ण आत, रेस सहाशेच्या आसपास, दबणं गेलं.

एक राहिलंय. घाट चढून आल्यावर बंद केली आणि दहा मिनिटांनी स्टार्टर मारला तर बराच वेळ घेते, केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो. थंडीत पहिल्या फटक्यात लागते. बाउलमधलं पेट्रोल उकळून नळीत सांडतंय, की फ्लोट थोडा खाली घ्यायला हवा?