मदत हवी आहे: न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या थंडीत बुडी आणि गळ, पट्ट्यावर शिसं किती?

नवखा_पाणबुडा: जुलैत इथलं पाणी 11-12 अंशांवर आलंय. दोघे मिळून पावा (खडकाला चिकटणारा खाण्याचा शिंपला) काढायला 3 ते 5 मीटर बुडी मारणार, तीही श्वास रोखून, कारण पावासाठी सिलिंडर लावून उतरायला बंदी आहे. बाकी वेळ 4.5 मीटरच्या ॲल्युमिनियमच्या होडीतून गळ. उन्हाळ्यात 3 मिमी जाडीचा रबरी सूट आणि खाली जायला कमरेच्या पट्ट्यावर 4 किलो शिसं पुरायचं. आता 7 मिमीचा दोन भागांचा सूट घेतोय. शिसं किती वाढवू? थंडीत आणखी काय बदलावं?

गळकरी: दुसऱ्याचा आकडा उचलू नका. नवा जाड सूट भलताच तरंगतो, जुना दबून चपटा झालेला तितका नाही. चाचणी किनाऱ्याजवळ, शांत पाण्यात घ्या. सगळा सरंजाम अंगावर, शरीर उभं, पाय स्थिर. श्वास पूर्ण सोडलात तरी पाणी भुवयांच्या वर जाता कामा नये. 4 किलोपासून सुरू करून एकेक किलो वाढवा. बुडालात तर एक किलो काढा.

गोम अशी की 10 मीटरवर दाब दुप्पट होतो आणि सूटमधल्या हवेच्या बुडबुड्यांचं आकारमान निम्म्यावर येतं. 5 मीटरलाही बराच फरक पडतो. वर 'खाली जाता येत नाही' म्हणून दोन किलो जास्त बांधलं की तळाशी दगड होतो. पावावाले हीच चूक हमखास करतात.

बक्कल एका हाताने, हातमोजा घालून उघडता आलं पाहिजे. पट्टा सगळ्यात वर, त्यावरून दुसरं काही नको. पावाची पिशवी तर पट्ट्याला अजिबात बांधू नका, ती तरंगत्या बोयाला अडकवा.

उधाण: शिशाचं पटलं. पण त्याआधी पहिली दोन-तीन मिनिटं बघा. गार पाण्यात एकदम उतरलं की धाप लागते, श्वास ताब्यात राहत नाही. हळू उतरा, चेहरा भिजवा, श्वास संथ झाल्यावरच पहिली बुडी. जोरजोरात श्वास घेऊन 'साठा' करू नका. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र उतरतो. मग वर येण्याची हाक शरीर देतच नाही, न कळवता शुद्ध जाते.

दोघे म्हणजे एक खाली, एक वर. एकाच वेळी दोघे खाली गेलात तर सोबत असून नसल्यासारखीच. वर आलेल्यावर 30 सेकंद नजर ठेवा, बरेचदा शुद्ध तिथेच हरपते. बुडीच्या किमान दुप्पट वेळ विश्रांती. पहिली हुडहुडी भरली की त्या दिवसाचं काम संपलं.

नवखा_पाणबुडा: बोटं बधिर होतात. आणि होडीचं?

गळकरी: बोटांसाठी आधी डोकं झाका, 5 मिमीची टोपी घ्या. बक्कल जड वाटायला लागलं की बाहेर, पिशवी भरो न भरो.

होडीत लाइफजॅकेट अंगावरच हवं, बाकाखाली नाही. पाण्यात पडल्यावर दहाएक मिनिटांत हातांतला जोर जातो, मग ते चढवता येत नाही. फुगणारं असेल तर मांड्यांमधला पट्टा लावा, नाहीतर जॅकेट वर सरकून तोंडावर येतं. त्याची गॅसची नळी हाताने घट्ट फिरवून पहा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. नळीवर कोरलेल्या वजनापेक्षा कमी भरली तर बदला.

इंजिनाची किल कॉर्ड (माणूस पडला की इंजिन बंद करणारी दोरी) पायाला. संपर्काची दोन साधनं, दोन्ही पाण्यात टिकणारी आणि अंगावर: हातातला व्हीएचएफ रेडिओ (मदतीसाठी चॅनल 16) आणि पिशवीत बंद मोबाइल (इथला आणीबाणीचा नंबर 111). बुडी चालू असताना अल्फा झेंडा (खाली पाणबुडे आहेत ही खूण) लावा, त्याच्या 200 मीटरच्या आत इतर होड्यांना 5 नॉटच्या (ताशी साधारण 9 किमी) वर जाता येत नाही. तरी वर येताना वर बघाच.

उधाण: कोणी गारठलाच तर वाऱ्याआड आडवा करा, ओलं उतरवा, कोरडी लोकर आणि टोपी. नीट शुद्धीत असेल तर गोड गरम चहा. हातपाय चोळायचे नाहीत, दारू नाही. बोलणं अडखळलं किंवा कापरं थांबूनही माणूस सुस्त वाटला तर लगेच 111.

दक्षिण किनाऱ्यावर तापुतेरंगा राखीव क्षेत्राची हद्द नकाशावर पाहून घ्या, आत पावा किंवा मासा, काहीच काढता येत नाही. आणि जूनजुलैत पाचच्या सुमारास अंधारतं, त्यामुळे चारला बाहेर.