मदत हवी आहे: बाळाचं पहिलं नाव ईवान की नील?

वेल्समधल्या कार्डिफमध्ये राहतो. बाळाचे बाबा वेल्श, आई मराठी; आडनाव डेव्हिस, थोरली मीरा. इथे जन्मनोंद ४२ दिवसांत करावी लागते, म्हणून घाई आहे.

ईवान हे जॉनचं वेल्श रूप. अडचण आहे ती स्पेलिंगची. वेल्शमध्ये एकट्या एफचा उच्चार 'व' होतो, त्यामुळे नाव आय-एफ-ए-एन असं लिहितात. कार्डिफमध्ये ते नीट वाचलं जातं. इंग्लंडमधल्या मित्रांनी मात्र 'आयफन' वाचलं, आणि कोल्हापूरच्या मंडळींनी 'इफान'. ई-व्ही-ए-एन केलं तर सोपं पडेल, पण ते इंग्रजी वळणाचं रूप. मग वेल्श नाव ठेवण्यात अर्थच उरत नाही. आय-डब्ल्यू-ए-एन हेही अस्सल वेल्श आहे, पण त्या नावाचे काका घरातच आहेत.

नील आजीआजोबांच्या तोंडी सहज बसतं. फक्त इथे ते आधीच्या पिढीतलं एन-ई-आय-एल समजलं जातं, मराठीपण दिसत नाही.

दोन्ही नावं ठेवायची हे नक्की आहे, प्रश्न क्रमाचा आहे. वडिलांचं नाव मधे लावायचं नाही. नोंदीनंतर १२ महिन्यांत नाव बदलता येतं हे माहीत आहे, पण पासपोर्ट आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) लगेच काढायचे आहेत.

वेल्श स्पेलिंगचं नाव असलेली मुलं तुमच्या घरात असतील तर सांगा: वेल्सबाहेर उच्चार रोज दुरुस्त करावा लागतो का, की शाळेत एकदा सांगून भागतं? आणि रोजच्या हाकेचं नाव दुसऱ्या क्रमांकावर असेल तर शाळेत, दवाखान्यात, विमानाच्या तिकिटावर नेमकं कुठे अडतं?