चुनखडकातला कार्बन आदिम जीवसृष्टीचा हिशेब देतो का?

अश्मवेध:
कार्बन-१२ आणि कार्बन-१३ ही कार्बनची दोन स्थिर समस्थानिके, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, आहेत. प्रकाशसंश्लेषण करणारे जीव हलका कार्बन-१२ अधिक उचलतात, त्यामुळे समुद्राच्या पाण्यात आणि त्यातून साचणाऱ्या चुनखडकात कार्बन-१३ चे प्रमाण किंचित वाढते. प्रमाणित मापाच्या तुलनेत प्रावरणातून, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातून, येणारा कार्बन हजारी सुमारे ५ ने, तर सेंद्रिय कार्बन सुमारे २५ ने हलका असतो. सागरी चुनखडक मात्र शून्याच्या आसपास राहतो. प्रावरणातून आलेला सगळा कार्बन सेंद्रिय आणि चुनखडक या दोनच रूपांत गाडला जातो असे धरले, तर उणे ५ ही सरासरी जुळण्यासाठी गाडल्या जाणाऱ्या कार्बनपैकी साधारण एक पंचमांश सेंद्रिय असतो, असा हिशेब निघतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागात सुमारे ३.४ अब्ज वर्षांपूर्वीच्या कार्बोनेट (चुनखडकासारख्या) खडकांतही शून्याजवळचेच आकडे मिळतात. म्हणून तेव्हाची जीवसृष्टी आजच्या तोडीने कार्बन गाडत होती, असे माझे ठाम मत आहे.

तळगाळ:
गणित बरोबर आहे, पण कार्बन समुद्रातून दोनच वाटांनी बाहेर पडतो हे त्यातले गृहीतक मला मान्य नाही. त्या काळी सागरतळावरच्या बेसाल्टमध्येही मोठ्या प्रमाणात कार्बोनेट तयार होत असेल आणि त्याचे कार्बन-१३ चे मूल्य उथळ पाण्यातल्या खडकापेक्षा वेगळे असेल, तर आपला एक पंचमांश टिकत नाही. शिवाय एवढा सेंद्रिय कार्बन गाडला जात होता, तर वातावरणात ऑक्सिजन टिकायला सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वीपर्यंत वाट का पाहावी लागली?

अश्मवेध:
ऑक्सिजनचा आक्षेप मला निर्णायक वाटत नाही. लोह किंवा हायड्रोजन वापरून, ऑक्सिजन न सोडता प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू आजही आहेत. आणि जो ऑक्सिजन सुटला असेल, तो ज्वालामुखी वायू व समुद्रातले विरघळलेले लोह फस्त करू शकत होते. बेसाल्टचा मुद्दा मात्र खरा आहे. तो मान्य केला तर एक पंचमांश हा आकडा सैल होतो, तरीही गाडलेला कार्बन शून्यावर येत नाही.

तळगाळ:
तेवढे मीही मानतो. माझा खरा रोख लोमागुंडी नावाच्या घटनेकडे आहे. सुमारे २.२ ते २.०६ अब्ज वर्षांपूर्वीच्या कार्बोनेट खडकांत मूल्य हजारी १० च्याही वर जाते. झिंबाब्वेतील या खडकांवरून त्या घटनेला नाव पडले. जगभर प्रचंड सेंद्रिय कार्बन गाडला गेला आणि त्यातून ऑक्सिजन वाढला, असा त्याचा अर्थ वर्षानुवर्षे लावला गेला. परंतु हे जड आकडे प्रामुख्याने उथळ, बाष्पीभवन होणाऱ्या किनाऱ्यांवरच्या थरांत सापडतात, आणि त्याच काळातल्या खोल पाण्यातल्या थरांत काही ठिकाणी शून्याजवळची मूल्ये मिळाली आहेत. गाळातले मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव हलका कार्बन मिथेनमध्ये नेतात आणि उरलेला कार्बन जड होतो. तेवढ्यानेही किनाऱ्यावरचा खडक जड होऊ शकतो. मग हा खडक महासागराबद्दल बोलतो आहे की एका खाजणाबद्दल?

क्षारपट:
दोघांनीही खडक जसा साचला तसाच राहिला असे धरले आहे. पावसाचे पाणी झिरपले की ऑक्सिजनची समस्थानिके आधी बदलतात, मँगनीज वाढते, स्ट्रॉन्शियम घटते. कार्बन त्यामानाने उशिरा हलतो, पण हलतो. ओमानमधील शुरम थरांत हजारी उणे १२ पर्यंत घसरलेले मूल्य समुद्राचे की नंतरच्या पाण्याचे, हा वाद यावरच अडला आहे. लोमागुंडीच्या नमुन्यांतले हे तिन्ही आकडे शेजारी मांडल्याशिवाय खाजण की महासागर, या प्रश्नाला मी हातच घालणार नाही.

अश्मवेध:
रास्त आहे. पण झिरपलेले पाणी बहुधा मूल्य खाली ओढते, कारण मातीतला सेंद्रिय कार्बन हलका असतो. लोमागुंडीचे मूल्य तर वर गेले आहे, तेव्हा ते निदान या कारणाने आलेले नाही. तळगाळ यांच्या मिथेनचे उत्तर मात्र माझ्याकडे अजून नाही.