आधी गाडीच्या दाराची भोकं मोकळी करा
जुन्या गाडीच्या तळाला गंज चढला असेल तर त्यावरूनच रबरी अंडरकोटिंग (तळाच्या पत्र्यावरचा संरक्षक थर) मारा, असा सल्ला कुणीतरी दिलाय. तो पटला नाही. तो थर कडक होऊन कडेला सुटतो, मागे पाणी अडकतं आणि गंज आतून पत्रा खात राहतो. वरून मात्र सगळं काळंभोर, झकास. स्वस्तातल्या जुन्या गाडीला न वाळणारं मेणाचं किंवा लॅनोलिनचं (मेंढीच्या लोकरीतल्या मेणचट पदार्थाचं) कोटिंगच बरं. सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशने काढून, पत्रा पूर्ण कोरडा करून वर्षातून एकदा मारायचं. ब्रेकच्या डिस्क-पॅडवर उडू द्यायचं नाही.

आणि एक राहिलंच. दाराच्या खालच्या कडेला निचऱ्याची भोकं असतात. काचेच्या पट्टीतून आत शिरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. ती चिखलाने बुजली की दार तळाच्या दुमडीपासून सडतं. प्लास्टिकचा केबल टाय आत फिरवून आधी ती मोकळी करा, मगच कोटिंग फवारा.