५,००० पैकी १,८५० बाकी : आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सी-५०१ : सुप्रभात मंडळी. सायकलवाल्यांसाठी प्रश्न आहे. जानेवारीत ठरवलं होतं, यंदा ५,००० किलोमीटर करायचे. काल सप्टेंबर संपला आणि स्ट्राव्हावर (राइड मोजणारं ॲप) आकडा आहे ३,१५०. म्हणजे १,८५० बाकी, हातात तीन महिने. आता दर रविवारी मोठी राइड मारायची म्हणतोय. लोणावळा, भोर, पानशेत. कोण कोण येणार?

डी-६०१ : मी येतो दादा. पहिल्या रविवारी लोणावळा करू, जुन्या हायवेने.

बी-३०४ : जरा थांबा दोघं. हिशोब करू. डिसेंबरअखेर १३ रविवार धर. १,८५० भागिले १३ म्हणजे दर रविवारी १४२ किलोमीटर, तेही एकही रविवार न चुकवता. मध्ये दिवाळी आहे, मग लग्नसराई आहे, मुलांच्या सहामाही आहेत. आठवडाभर खुर्चीत बसायचं आणि रविवारी एकदम १४२ काढायचे, हे शरीराला जमत नाही. मान धरते, कंबर धरते, गुडघे बोलायला लागतात. मग एक रविवार बुडतो आणि पुढच्याचा आकडा आणखी फुगतो. वर्षाचं लक्ष्य रविवारी पूर्ण होत नाही, ते मंगळवार-बुधवारी पूर्ण होतं. हे मी अगदी मनापासून सांगतेय.

सी-५०१ : पण ताई, मंगळवारी वेळ कुठून आणू? ऑफिस हिंजवडीला.

बी-३०४ : तेच तर. ऑफिसलाच सायकलने जा ना. तुझं जाऊन-येऊन किती होतं?

सी-५०१ : फेज २. जाऊन-येऊन ३६ धरा.

बी-३०४ : आठवड्यातून तीन दिवस गेलास तर १०८. रविवारी फक्त ५०, म्हणजे इथून वारजे, उत्तमनगरवरून खडकवासला आणि वर थोडं पानशेत रस्त्याला. झाले १५८. दिवाळीचा अख्खा आठवडा घरी फराळ खात बसलास तरी उरलेल्या १२ आठवड्यांत १,८९६ होतात. लक्ष्य पूर्ण होऊन वर ४६ शिल्लक.

सी-५०१ : 😮 हा हिशोब मी केलाच नव्हता.

ए-४०३ : अहो पण हिंजवडीचा तो ट्रॅफिक! भीती वाटते हो. यांना मी तरी पाठवणार नाही.

बी-३०४ : वहिनी, तुमची भीती खरी आहे. बायपासवर कुणीच सायकल घालू नये, तिथे ट्रक आणि बस ज्या वेगाने जातात तिथे आपलं काम नाही. पाषाण, बाणेर, बालेवाडी असं आतून जायचं. सकाळी साडेसहाला निघालं की रस्ता बराच मोकळा असतो. संध्याकाळ मात्र अवघड आहे, त्यासाठी उजेड असतानाच निघायला मिळतं का ते ऑफिसात विचारून ठेवायचं. हेल्मेट, मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट. यातलं एकही कमी असेल त्या दिवशी रिक्षा करावी. किलोमीटर दुसऱ्या दिवशी भरून काढता येतात.

बी-१०१ : मी वाचतोय सगळं. आमच्या वेळी कसले आकडे आणि कसलं स्ट्राव्हा! सदाशिव पेठेतून खडकीला कारखान्यात सायकलने जायचो, ऊन-पाऊस काही असो. सकाळी भोंगा व्हायच्या आत हजर. अख्खं पुणं सायकलवर होतं तेव्हा. ज्याच्याकडे नसायची तो तासावर भाड्याने घ्यायचा. रात्री दिवा नसला की पोलीस उतरवायचा, डबलसीट दिसलं की दंड. डायनामो टायरला टेकला की सायकल जड व्हायची, ते अजून पायांना आठवतं.

बी-३०४ : काका, हेच मला सगळ्यांना सांगायचं आहे. खडकीला रोज जाऊन-येऊन १५ जरी धरले तरी वर्षाचे कामाचे ३०० दिवस म्हणजे ४,५०० किलोमीटर! तुम्ही लक्ष्य न ठेवता करत होतात.

बी-१०१ : अगं खरंच की. हे कधी मोजलंच नाही. सौ.ला वाचून दाखवतो.

डी-६०१ : पण ताई रोज तोच तो रस्ता? कंटाळा येईल. सिंहगडची मजा वेगळी आहे.

बी-३०४ : सिंहगडाबद्दल दुमत नाही. गोळेवाडीपासून वर आठ-नऊ किलोमीटरचा घाट, माथा समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० मीटर. वरच्या वळणांवर सगळ्यात हलका गिअर लावूनही श्वास पुरत नाही, घाम डोळ्यांत उतरतो, आणि दही विकणाऱ्या मावशी दिसल्या की जीव भांड्यात पडतो. महिन्यातून एकदा जरूर जा. पण त्या घाटाचे किलोमीटर यादीत फार कमी दिसतात आणि दुसऱ्या दिवशी पाय रिकामे असतात. आकडा वाढवायचा तर सपाट, ओळखीचा रस्ता लागतो.

आणि त्याच त्या रस्त्याचं म्हणशील तर अमांडा कोकर वाच. फ्लोरिडातली मुलगी. मे २०१६ ते मे २०१७ या एका वर्षात तिने ८६,५७३ मैल केले, म्हणजे १,३९,००० किलोमीटरच्या वर. त्यातले बहुतेक एका बागेतल्या सुमारे सात मैलांच्या गोल रस्त्यावर! त्याच्याआधी १९३९ साली टॉमी गॉडविन या इंग्रजाने ७५,०६५ मैल केले होते, युद्ध सुरू झाल्यावर अंधारबंदीतसुद्धा. तो विक्रम मोडायला पंचाहत्तरहून जास्त वर्षं लागली.

ए-४०३ : बाई गं. त्या लोकांना घरचं काही काम नव्हतं का 😀

बी-३०४ : वहिनी, मला त्या सगळ्यांत बिली फ्लेमिंग जास्त आवडते. ऑफिसात टायपिंग करणारी साधी मुलगी. १९३८ साली वर्षभर रोज सायकल चालवून तिने २९,६०० मैलांच्या वर केले, म्हणजे साधारण ४७,६०० किलोमीटर. बायकांनी व्यायाम करावा, तब्येत सांभाळावी हे लोकांना दाखवून द्यायचं होतं तिला. गावोगावी थांबून भाषणं द्यायची. तिचा फोटो माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावलेला आहे.

ए-४०३ : एक विचारू का ग्रुपवर? मलाही सुरू करायचंय. मुलाची जुनी सायकल पडून आहे. पण चार दिवस चालवली की गुडघ्याची वाटी दुखते.

बी-३०४ : वहिनी, सीट खाली असणार. बहुतेकांची खालीच असते, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असं वाटतं. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर मात्र एका बाजूला झुकता कामा नये. मग चालवताना चवडा पेडलवर ठेवलात की गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. आणि गिअर हलका ठेवा, पाय भरभर फिरू द्या. जड गिअर दाबत राहिलं की गुडघा बोलतो. एवढं करूनही आठवड्याभरात थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

तुमचं लक्ष्य ५,००० नको. पहिल्या वर्षी १,००० ठेवा. आठवड्याला २० किलोमीटरसुद्धा पडत नाहीत.

ए-४०३ : २० तर जमेल! भाजी आणायला गेले तरी होतील.

डी-६०१ : ट्रेनरवर, म्हणजे घरात जागेवरच सायकल चालवायच्या स्टँडवर केलेले मोजायचे का? पावसात मी घरातच करतो.

बी-३०४ : वेगळे लिही. ट्रेनरवर घाम खराच गळतो, व्यायाम खराच होतो. पण तिथलं अंतर चाकाच्या फेऱ्यांवरून किंवा ताकदीवरून काढलेलं असतं. वारा नाही, खड्डा नाही, सिग्नल नाही. रस्त्याचे आणि घरातले एकाच डब्यात टाकले की वर्षाच्या शेवटी आपलं आपल्यालाच समाधान होत नाही.

तुला आकड्यांची आवड आहे तर एडिंग्टन नंबर बघ. खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन सायकलवेडे होते. किमान ३० किलोमीटर चालवलेले दिवस ३० झाले की तुझा नंबर ३०. ३१ हवा असेल तर किमान ३१ चे ३१ दिवस. ते मैलांत मोजायचे आणि ८४ वर पोचले होते. एका मोठ्या राइडने हा आकडा हलत नाही, म्हणून मला तो फार आवडतो.

सी-५०१ : ताई, पुढच्या वर्षीचं आत्ताच विचारतो. ५,००० भागिले १२ म्हणजे महिन्याला ४१७ असं ठेवलं होतं. जून ते ऑगस्टमध्ये पार मागे पडलो आणि मन खट्टू झालं.

बी-३०४ : पुण्यात १२ ने भागायचंच नाही. इथला पाऊस, इथलं ऊन धरून वाटणी करायची. मी अशी करते : जानेवारी ५५०, फेब्रुवारी ५००, मार्च ४५०, एप्रिल आणि मे प्रत्येकी ४०० पण सगळे सकाळी आठच्या आत. जून ३००, जुलै २००, ऑगस्ट २५०. गणपतीत अर्धे रस्ते बंदच असतात, म्हणून सप्टेंबर ३५०. ऑक्टोबर ४५०, नोव्हेंबर ५५०, डिसेंबर ६००. बेरीज करून बघ, बरोबर ५,०००. मग जुलैत २१० झाले की तू पुढे असतोस. मागे पडल्याची भावना माणसाला सायकलवरून उतरवते, पाऊस नाही उतरवत.

पहिल्या पावसात मात्र दोन दिवस जपून. रस्त्यावरचं साचलेलं तेल वर येतं. झेब्राचे पांढरे पट्टे आणि ड्रेनेजची झाकणं यांवर ब्रेकही नको आणि वळणही नको.

आणि चेन बघ तुझी. पाऊसभर चालवलीस ना? स्टीलची फूटपट्टी घे. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेव आणि २४ जोड पुढच्या पिनेपर्यंत मोज. नवी चेन बरोबर १२ इंच भरते. एक इंचाचा सोळावा भाग जास्त दिसला की बदल. आठवा भाग होईपर्यंत थांबलास तर मागच्या कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचे दात खाल्ले जातात आणि खर्च कितीतरी पट वाढतो.

सी-५०१ : आत्ता खाली जाऊन मोजतो.

सी-५०१ : सोळाव्याच्या थोडं पुढे आहे. आज संध्याकाळीच बदलतो.

बी-१०१ : आता माझं एक म्हणणं. सेक्रेटरी साहेब वाचत असतील तर. पार्किंगमध्ये सायकलींना जागाच नाही. दुचाक्या रेटून लावतात, मुलांच्या सायकलींचे स्पोक वाकतात. घरातून खाली उतरल्यावर सायकल हाताशी असेल तरच माणूस रोज चालवेल.

ए-४०३ : +१. आमची तर तीन दुचाक्यांच्या मागे आहे. काढायलाच दहा मिनिटं.

सेक्रेटरी : वाचतोय काका. पाण्याच्या टाकीशेजारच्या भिंतीला आडवा लोखंडी बार लावून घेता येईल, कुलूप त्यालाच लागेल. फॅब्रिकेटरकडून कोटेशन मागवतो. रविवारी ११ वाजता कमिटीत ठेवू. किती सायकली आहेत ते विंगप्रमाणे इथेच लिहा.

बी-३०४ : बी विंग पाच. एक हवा भरायचा पंपही ठेवा साहेब, दाबाचा काटा असलेला. माझ्याकडचा जादाचा आहे, तो देते.

डी-६०१ : डी विंग चार.

ए-४०३ : ए विंग तीन. माझी धरून चार.

सी-५०१ : सी विंग सहा. आणि मंगळवारी सकाळी साडेसहा, पाषाणमार्गे. बालेवाडीपर्यंत कोणी सोबत?

डी-६०१ : मी बालेवाडीवरून मागे फिरतो, कॉलेज आहे.

बी-३०४ : मीही येते बाणेरपर्यंत. मागचा दिवा आज रात्रीच चार्जिंगला लावा दोघं.