४८ फ्रेम आणि मालिकेचा भास

'सेकंदाला ४८ फ्रेम, म्हणजे ४८ स्थिर चित्रं, घेतली की सिनेमा टीव्ही मालिकेसारखा दिसतो' असं म्हणतात ते पटतं, पण सिनेमाचा नेहमीचा २४चा वेग हेही काही वेदवाक्य नव्हे. आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा बनवला त्या मूकपटाच्या जमान्यात हँडल हातानं फिरवायचे, वेग कमी-जास्त व्हायचाच. बोलपट आले, आवाजाला ठरलेला वेग लागला, म्हणून २४.

खरी गोची शटरची, म्हणजे फ्रेमवर उजेड पाडणाऱ्या कॅमेऱ्यातल्या झडपेची. २४ला शटर निम्मा वेळ उघडं म्हणजे प्रत्येक फ्रेमला १/४८ सेकंद; पळणाऱ्याचे पाय जरा पुसट होतात, आणि तीच पुसट आपल्याला 'सिनेमा' वाटते. ४८लाही शटर निम्माच वेळ उघडं ठेवलं की ती पुसट निम्मी. मग मेकअपचा थरही दिसायला लागतो! २०१२च्या ४८ फ्रेमच्या 'द हॉबिट' सिनेमावर हीच ओरड झाली होती.

कुस्तीला मात्र १२० पण चालेल राव. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात ढाक हा डाव कधी बसला, २४ला कळतच नाही.