दहा कोअर की सहा?
लॅपटॉपच्या दोन प्रोसेसरांची, इंटेलच्या आय५-१२३५यूची आणि एएमडीच्या रायझन ५ ५६२५यूची, तुलना करताना ‘आय५मध्ये दहा कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे स्वतंत्र भाग) आणि रायझनमध्ये सहाच, तेव्हा इंटेल सरळ सरस’ असे म्हटले जाते; हे मत मला पटत नाही. इंटेलच्या दहांपैकी पूर्ण ताकदीचे, प्रत्येकी दोन थ्रेडचे (थ्रेड म्हणजे कोअर एका वेळी हाताळत असलेली कामाची एक रांग) कोअर दोनच असून उरलेले आठ वीज वाचवणारे, एकेका थ्रेडचे आहेत. एएमडीचे सहाही सारखे व प्रत्येकी दोन थ्रेडचे असल्यामुळे बेरीज दोन्हीकडे १२ थ्रेडचीच भरते. एकाच कोअरवर चालणाऱ्या कामांत इंटेल पुढे राहतो, हे मान्य. परंतु दोघांवरही १५ वॅट लिहिलेले असले, तरी इंटेलला थोड्या वेळापुरती ५५ वॅटपर्यंत वीज ओढण्याची मुभा आहे आणि पातळ लॅपटॉपमध्ये ही चैन फार टिकत नाही. खात्री करायची तर विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडा ठेवून मोठा व्हिडिओ एक्सपोर्टला लावावा. सुरुवातीला चढलेला गिगाहर्ट्‌झचा आकडा दहा-पंधरा मिनिटांनी उतरून जिथे स्थिरावेल, तोच त्या यंत्राचा खरा वेग.

रॅमचेही पाहावे, कारण दुकानदार ते आपणहून क्वचितच सांगतात. एकच पट्टी असेल, तर दोन्हींचे अंगभूत ग्राफिक्स अडखळते. इंटेलचे ‘आयरिस एक्सई’ तर तेव्हा नुसते ‘यूएचडी’ म्हणून दिसते.